हळदीचं भाट

चि. बाय,

बुधवारी तू गाव विकलं जातंय त्यावर लिहिलेली चौदा पानं आणि ती उद्दिष्टांची चिठ्ठी माझ्या टेबलावर ठेवून गेलीस. जाताना पायरीवर थांबलीस आणि विचारलंस, "बाई, आमच्याच घराच्या दोन खोल्या पाहुण्यांना भाड्याने दिल्यात, त्याच पैशातून माझी फी जाते. मग ह्या सगळ्याविरुद्ध मी लिहायचं कुठल्या तोंडाने?" मी "बघू" म्हटलं आणि दार लावून घेतलं. तसं करायला नको होतं. रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहायला बसले आहे. फोनवर मला असलं बोलणं जमत नाही.

तुझी पानं दोनदा वाचली. 'जेंट्रिफिकेशन', म्हणजे पैसेवाले येऊन जुनी वस्ती बदलते आणि मूळचे लोक हटतात, हा शब्द मोजला, १९ वेळा आला आहे. 'अस्मिता' ७ वेळा. 'मांद्रे' हे गोव्यातल्या तुझ्या गावाचं नाव मात्र एकदाच, पहिल्या वाक्यात. तुमच्या वाड्याचं, म्हणजे वस्तीचं, नाव कुठेच नाही, विहिरीचं नाही. निळ्या काचांचा व्हिला जिथे उभा राहिला त्या जागेला तू "एक शेत" म्हटलं आहेस. बाय, मांद्र्यात "एक शेत" असं काही नसतं. प्रत्येक शेताला, प्रत्येक मेरेला, ओहोळाच्या प्रत्येक वळणाला कुणीतरी कधीतरी नाव ठेवलेलं आहे. ते नाव लिही. मग बाकीचं बोलू.

त्या इंग्रजी शब्दावर माझा राग नाही. १९६४ साली लंडनविषयी लिहिताना रूथ ग्लास नावाच्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी तो पहिल्यांदा वापरला. पण आधी त्यांनी काय सांगितलं ते बघ. कामगारांच्या वस्तीतली साधी घरं, वर दोन खोल्या, खाली दोन खोल्या. भाडेपट्ट्याची मुदत संपली की ती कशी दुसऱ्यांच्या ताब्यात जातात. खोल्या मोजून झाल्या, मग शब्द आला. तू शब्दापासून सुरुवात केलीस आणि खोल्या मोजल्याच नाहीस.

नवव्या पानावर एक वाक्य आहे: "आईने पाहुण्यांच्या पांढऱ्या चादरी तारेवर घातल्या, त्या तारेखाली पूर्वी सोलां वाळत असायची." हे वाचलं आणि मी चष्मा काढून बाजूला ठेवला. चौदा पानांत हे एकच वाक्य तुझं आहे. आणि पुढच्याच ओळीत तू "जागतिक भांडवलाच्या रेट्यात" असं सुरू करून मला त्या अंगणातून उचलून कुठल्यातरी व्याख्यानात नेऊन बसवलंस. का? चादरी किती होत्या? डिसेंबरात त्या खोलीला रात्रीचं काय भाडं येतं आणि जूनमध्ये काय येतं? सोलां ज्या भिरंडीच्या, म्हणजे कोकमाच्या, झाडाची होती, ते झाड अजून आहे का? त्याला घरात काय म्हणत होते? पाऊस आला की आई आधी काय आत घ्यायची, आता आधी काय घेते? हे सगळं तुला माहीत आहे. मला नाही, आणि तुझ्या वर्गातल्या कुणालाच नाही.

हेच तुझ्या प्रश्नाचं उत्तर. कुठल्या तोंडाने लिहायचं? ज्या तोंडाने त्या घरात दोन वेळ जेवतेस, त्याच. दोन खोल्यांचं भाडं लपवलंस तर गोष्ट खोटी पडेल. लिहिलंस तर तुझ्या आईइतकी जिवंत बाई सध्या इथल्या मराठी कथेत शोधून सापडणार नाही. निष्कलंक होऊन मग लिहीन म्हणशील तर कधीच लिहिणार नाहीस. मी तशी वाट बघितली आहे, म्हणून सांगते.

आता एका गोष्टीवरून रागावते. तिसऱ्या पानावर तू लिहिलंस की पूर्वी गाव "सर्वांचा" होता. कुणाचा? भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, भाटात, माडांच्या बागेत, झोपडी बांधून राहणाऱ्या मुंडकाराचा होता? भाटकाराने ऊठ म्हटलं की त्याने उठायचं, अशी स्थिती होती. घरातून काढण्यापासून त्याला संरक्षण देणारा मुख्य कायदा १९७५ साली आला. कुळांना कसलेल्या जमिनीचे मालक मानणारी दुरुस्ती १९७६ ची. म्हणजे तुझ्या आजीचं अर्धं आयुष्य होऊन गेलं होतं. आज दिल्ली-मुंबईचे लोक भिंत घालून वाट अडवतात ह्याचं तुला वाईट वाटतं, वाटायलाच हवं. पण ती वाट आधी कुणाकुणाला मोकळी होती, हे विचारल्याशिवाय लिहू नकोस. नाव लिहायचं म्हणजे फक्त मालकाचं लिहायचं नाही.

हे मी तुला पुस्तक वाचून सांगत नाही. आम्ही भाटकार होतो. मोठे नाही, पण होतो. आमच्या भाटात दोन मुंडकार कुटुंबं होती. त्यातल्या एका घरातली म्हातारी मला अजून दिसते. नारळ पाडायच्या दिवशी सकाळी पाडेली यायचा, पायात दोरीचा फास, कमरेला कोयता. तो माडावर चढताना म्हातारी खालून माडाचं नाव घ्यायची. आमच्या भाटात ४१ माड होते आणि तिने एकेकाला नाव दिलेलं होतं. "वाकडो!" म्हणून ती हाक मारायची, वरून नारळ धपाधप पडायचे, ती मोजायची आणि दर दहाला एक खडा ओटीत टाकायची. एका माडाचं नाव होतं 'व्हंकल', म्हणजे नवरी. माझी आजी लग्न होऊन आली त्या वर्षी लावलेला. एक 'विजेचो', शेंडा जळूनही जगलेला. 'उपाशी' म्हणून एक होता, त्याला कधी चार-पाचाच्या वर नारळ धरले नाहीत. तरी तो तोडायचा विषय निघाला की म्हातारी माझ्या वडिलांशी भांडायची. भाटकाराशी वर मान करून बोलायची तिची ती एकच जागा.

'वाकडो', 'व्हंकल', 'विजेचो', 'उपाशी', विहिरीकडचा तो 'बांयकडलो', आणि गोड पाण्याचा 'गोडो'. सहा झाले. ३५ मला आठवत नाहीत.

का आठवत नाहीत ते ऐक. १९८६-८७ साली, गोव्याची राजभाषा कोंकणी की मराठी ह्या आंदोलनाच्या दिवसांत, मी अठ्ठावीस वर्षांची होते, शाळेत शिकवत होते आणि वर्तमानपत्रांत लिहीत होते. रात्री दिव्याखाली बसून लेख खरडायचे. 'अस्मिता' हा शब्द मी तुझ्यापेक्षा जास्त वेळा लिहिला आहे. ती कात्रणं पत्र्याच्या पेटीत आहेत. मागच्या पावसाळ्यात काढून बघितली. त्यात मराठी आहे, संस्कृती आहे, इतिहास आहे. एकाही लेखात माझ्या वाड्याचं नाव नाही. म्हातारी तेव्हा जिवंत होती. मी ज्या खिडकीत बसून संस्कृतीवर लिहीत होते, तिथून तिचं दार वीस पावलांवर होतं. एक वही घेऊन एक दुपार तिच्याकडे बसले असते, तर ४१ च्या ४१ नावं आज माझ्याजवळ असती. १९९४ मध्ये ती गेली.

आणि दुसरी गोष्ट. ही मी फार थोड्या लोकांना सांगितली आहे.

२०११ साली आमचं घर आणि भाट विकलं. तुला माहीत आहे, गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्यापासून मुलीचा वाटा मुलाइतकाच. विक्रीला सगळ्या वारसांच्या सह्या लागतात, त्यांच्या नवरा-बायकोच्याही. आम्ही एकूण १७ वारस. चुलत भाऊ दुबईत, आत्याची मुलं बेळगावात. माझी सही नसती तर विक्री अडली असती. मी सही केली.

वकिलाच्या ऑफिसात दस्त वाचायला दिला. इथल्या खरेदीखतात मिळकतीचं जुनं नाव घालतात, तू बघितलं नसशील: 'अमुक नावाने ओळखली जाणारी मिळकत', मग सर्व्हे नंबर, मग चारी दिशांच्या हद्दी. आमच्या जागेचं नाव 'हळदीचें भाट'. माडांखाली पूर्वी हळद लावायचे, म्हणून. दस्तात रोमन अक्षरांत टाइप झालं होतं 'हळदोनचें भाट'. टायपिस्टची चूक. हळद गेली आणि बारदेश तालुक्यातलं हळदोणें गाव पेडणे तालुक्यात आमच्या माडांखाली येऊन बसलं. मी वाचलं. बोट त्या ओळीवर ठेवलं. समोर घेणारा बसला होता, भला माणूस होता, घड्याळ बघत होता. भाऊ माझ्याकडे बघत होता. पान बदलायचं म्हणजे पुन्हा टाइप, पुन्हा सगळ्यांच्या सह्या, दुबईचा भाऊ दुसऱ्या दिवशी परत जाणार. मी बोट उचललं.

तू म्हणशील, बाई, मुळात विकलंतच का? विचारलं नाहीस, पण मनात येईल, म्हणून सांगते. मागची पडवी २००९ च्या पावसात बसली. कौलं उतरवून वासे बदलायचे तर खर्च एका भावाने करायचा आणि मालकी सतरा जणांची. माझं लग्न होऊन मी म्हापशाला आले, आठवड्यातून एकदा जाऊन केर काढण्यापलीकडे काय करणार होते? भावाच्या मुलीची इंजिनिअरिंगची फी होती. त्याच्या छातीत दुखायला लागलं होतं. मी अडून बसले असते तर वाटण्यांचा दावा कोर्टात गेला असता आणि आमच्यातल्या निम्म्यांना निकाल बघायला मिळाला नसता. तोपर्यंत घर आपणहून खाली आलं असतं. गाव विकणारे सगळे लोभी असतात असं सातव्या पानावर लिहिलं आहेस, ते खोड. विकणाऱ्याच्या घरात कौलातून पाणी गळत असतं. सही केली ह्याचं मला आज वाईट वाटतं का? नाही. पुन्हा करीन. हे मी ठामपणे सांगते आहे आणि सांगताना हात थरथरतो आहे, तेही खरं.

पण नाव दुरुस्त करून घ्यायला कुणी अडवलं होतं? त्याला ना कोर्ट लागत होतं, ना पैसा. एक वाक्य बोलायला हवं होतं. घर वाचवणं माझ्या हातात नव्हतं, नाव वाचवणं होतं. आणि लिहिणाऱ्याच्या हातात तेवढंच असतं ग. तू बिल्डरला थांबवू शकणार नाहीस. मोपाच्या सड्यावरून ५ जानेवारी २०२३ पासून विमानं उडताहेत, ती थांबवू शकणार नाहीस. नाव लिहू शकतेस. बरोबर, एक अक्षर न चुकता.

आमच्या भाटात आता चार व्हिला आहेत. फाटकावर 'कासा'ने, म्हणजे घराच्या पोर्तुगीज शब्दाने, सुरू होणारी पाटी आहे. पेडणे पोर्तुगिजांकडे गेलं तेच अठराव्या शतकाच्या अखेरीला, सावंतवाडीकरांकडून. आमच्या वाड्यात घराला घर म्हणत, कासा म्हणणारा एक माणूस नव्हता. म्हणजे जुनं नाव पुसून भागलं नाही, त्या जागेला कधीच नसलेला भूतकाळही चिकटवला. दहा वर्षांनी कुणी पोरगी येऊन विचारेल तेव्हा तिला तोच खरा वाटेल. तुझी वही नसेल तर ती दुसरं काय मानणार?

आता तुझी चिठ्ठी. "पाच वर्षांत कादंबरी. फेलोशिप. पुणे किंवा मुंबई. स्वतःचा आवाज शोधणे. गावासाठी काहीतरी करणे." पाचही ओळी सुबक अक्षरात आणि पाचही अशा की, कुठल्याही जिल्ह्यातल्या कुठल्याही मुलीने लिहिल्या असत्या. स्वतःचा आवाज शोधायला कुठे जाणार आहेस? सोलां, चादरी हे शब्द कागदावर आले तेव्हा तो तुझ्याजवळच होता. कोंकणी घरात आणि मराठी वहीत, हे आपल्या पेडण्याला नवीन नाही. त्या दोघींमध्ये आवाज आपोआप धरतो, त्याची काळजी करू नकोस. फेलोशिपसाठी अर्ज कर, मी शिफारस देईन, सुंदर देईन. पुण्याला जायचं तर जा. मी गेले नाही. संसार होता, शाळा होती, आणि खरं सांगायचं तर भीती होती. त्या न जाण्याला मी पुढे 'मातीशी निष्ठा' म्हणत राहिले. तू जाण्याला किंवा न जाण्याला असलं मोठं नाव देऊ नकोस. मोठी नावं तुला फार लवकर सुचतात, त्याचीच मला धास्ती आहे.

जाण्याआधी मात्र वही भरायची. ह्यात सूट नाही. आजीला घेऊन घराभोवती चाल आणि प्रत्येक कोपऱ्याचं नाव विचार. ती थकली की थांब, दुसऱ्या दिवशी पुन्हा चाल. तुमच्या जागेचा एक-चौदाचा उतारा काढ आणि त्यावर कुळाच्या रकान्यात कुणाचं नाव आहे ते बघ. असेल तर त्या घरी जा, नसेल तर पूर्वी होतं का ते विचार. १९६८ च्या महसूल कायद्यानंतर मोजणी झाली आणि शेतांना नंबर पडले, त्याआधी लोक नावाने ओळखत. त्या काळात शेतात उतरलेली माणसं अजून आहेत, पण आता फार नाहीत. ग्रामसभेला जा. मागे बस, बोलू नकोस, ऐक. जमिनीचा झोन बदलू देणारं नगरनियोजन कायद्याचं कलम '१७ (२)' तुझ्या शेजारच्या टॅक्सीवाल्याला तोंडपाठ आहे, त्याच कायद्यातलं ३९-अ काय आहे हे मासळी विकणाऱ्या बाईला ठाऊक आहे. शेतीचा झोन घराचा कसा होतो, कुणाच्या अर्जाने होतो, मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने १७ (२) चे नियम रद्द केले तेव्हा वाड्यात कुणाला हायसं वाटलं आणि कुणाचा सौदा फिसकटला, हे तुझ्या चौदा पानांत कुठेच नाही. तुझ्या गावातली माणसं तुझ्यापेक्षा जास्त जाणतात आणि तू त्यांना बिचारे म्हणून लिहितेस. मला हे खपत नाही.

कोजागिरीला पेडण्याच्या पुनवेच्या उत्सवाला लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून जायची. आपल्याकडे सांगतात, भूतनाथाला स्वतःचं देऊळ हवं असतं, त्यासाठी तो रागावून निघतो आणि लोक बांधून देतो, बांधून देतो म्हणून समजूत घालून त्याला परत आणतात. त्या गर्दीत मला तेव्हा भीतीच वाटायची. आता वाटतं, घर मागणाऱ्या देवाची गोष्ट आपल्याच तालुक्यात आहे आणि आपण लंडनचा शब्द घेऊन बसलो आहोत. यंदा गेलीस तर कान उघडे ठेव, काय काय बोलतात ते जसंच्या तसं टिपून घे. तुझ्या शब्दांत सुधारून नको.

चौदा पानं परत पाठवते. नवव्या पानावरच्या त्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली आहे, बाकी कुठे हात लावला नाही.

आणि एक काम आहे, त्याला तू माझ्याबरोबर हवी आहेस. त्या म्हातारीची धाकटी सून चोपड्याला असते असं परवा बाजारात कळलं. सत्तरीच्या पुढची आहे. लग्न होऊन आली तेव्हापासून सासूबरोबर नारळ वेचायला तीच असायची. मी तिच्याकडे इतक्या वर्षांत एकदाही गेले नाही. आमचं भाट विकलं तेव्हा त्यांच्या घराखालची जागा त्यांच्या नावावर झाली की नाही, हेसुद्धा मी कधी धड विचारलं नाही; भावाने "ते मिटलं" म्हणून सांगितलं आणि मी ऐकून घेतलं. ती मला दारात उभी करेल की नाही ठाऊक नाही. तू असशील तर बहुतेक आत घेईल.

रविवारी दुपारी तीनची बस धरू. वही रेघांची आण, कोरी नको. मी सहा नावं आधीच लिहून ठेवली आहेत, खाली ३५ आकडे घालून जागा सोडली आहे.

तुझी,
बाई